काशियस नावाचे स्थानक

मराठी माणसाचा ज्या युरोपीय देशाशी सर्वांत आधी संबंध आला, तो देश पाहायला तो सहसा सर्वांत शेवटी जातो. लंडन होते, पॅरिस होते, स्वित्झर्लंडचा बर्फ पाहून होतो. पोर्तुगालचे नाव क्वचितच निघते. वास्तविक हा शेजार इंग्रजांपेक्षा कितीतरी जुना. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांकडे गेले, १५३४ मध्ये वसई गेली; वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी परत घेतली आणि गोव्यातून पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. साडेचारशे वर्षांचा हा सहवास. परंतु पोर्तुगाल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर देश असा उभा राहत नाही. उभे राहतात ते दोन-चार किल्ले आणि काही शब्द.

त्या शब्दांची यादी मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. बटाटा, पाव, कोबी, अननस, काजू, चावी, फीत, पिंप, घमेले, पगार, नाताळ. भाषिक देवाणघेवाण हा विषय शिकवताना ही यादी फळ्यावर लिहिली की वर्ग जागा होतो. आपण रोज खातो तो बटाटा आणि हातात घेतो ती चावी परदेशी निघाली, याचे तरुण मुलांना फार नवल वाटते. यादीचे सूत्रही मोठे लोभस आहे. राज्ये गेली, तलवारी गंजल्या, शब्द मात्र स्वयंपाकघरात सुखाने नांदत राहिले. हे सूत्र खोटे नाही. पण ते पुरेसे आहे का, हा प्रश्न मनात घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत पोर्तुगालला गेले. सोबत आमच्या महाविद्यालयातील इतिहास विभागाच्या ज्येष्ठ सहकारी होत्या. त्यांना आम्ही सगळेच नुसते 'मॅडम' म्हणतो.

लिस्बन हे डोंगरउतारांवर वसलेले शहर आहे. कोणत्याही गल्लीतून वर चढावे आणि मागे वळून पाहावे, तर घरांच्या फटीतून तेजो नदीचा एक तुकडा चमकताना दिसतो. तिला नदी म्हणायचे एवढेच. शहरासमोर तिचे पात्र खाडीसारखे पसरलेले आहे आणि थोडे पुढे ती अटलांटिकला मिळते. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांची नक्षी, घरांच्या दर्शनी भिंतींवर निळ्या झिलईच्या फरश्या, वळणावर कुरकुरत चढणारी ट्राम आणि नोव्हेंबर लागल्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटचा धूर. कोकणात वाढलेल्या माणसाला हा धूर थेट काजूच्या बिया भाजण्याच्या दिवसांत नेतो. प्रकाशही ओळखीचा वाटला. समुद्र जवळ असला की उन्हाला जो एक ओलसर उजेड येतो, तो तिथे आहे.

पहिल्याच संध्याकाळी घरमालकीणबाईंनी खोलीची किल्ली हातात ठेवताना तिला 'शाव्ह' म्हटले. जेवायला गरम सूप होते. त्यात 'बटाटा' होता, 'कोव्ह' म्हणजे कोबीच्या जातीची हिरवी पाने होती आणि सोबत 'पाँव'. परक्या देशात भाषेचे एक अक्षर येत नसताना समोरचे ताट मात्र आपल्याला नावाने ओळखते, हा अनुभव भाषेच्या शिक्षकाला सुखावणारा असतो. मॅडम म्हणाल्या, "बघ, तुझी फळ्यावरची यादी वाढली!" आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यात आनंद होता. आणि बारकाईने पाहिले तर थोडा विसरही होता.

तो विसर दुसऱ्या दिवशी बेलेममध्ये दूर झाला. लिस्बनच्या पश्चिमेला नदीकाठी असलेला हा भाग प्रत्येक पर्यटकाच्या यादीत असतो. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजे निघाली ती या किनाऱ्यावरून. इथल्या जेरोनिमुस मठाचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. त्याचे खांब पाहताना दगड हा मुळात कठीण पदार्थ आहे यावर विश्वास बसत नाही. खांबांवर जहाजांचे दोर वळले आहेत, गाठी मारल्या आहेत, समुद्री वनस्पती चढल्या आहेत. हे सगळे उभे राहिले ते आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर बसवलेल्या पाच टक्के कराच्या पैशांतून. मिऱ्यांचा वाटा त्यात इतका होता की त्या कराचे नावच मिऱ्यांवरून पडले होते. मलबारच्या वेलीवरून तोडलेले मिरे इथे येऊन पाषाणाची वेल झाले. सौंदर्य आणि त्याचा हिशेब एकाच खांबावर कोरलेला मी प्रथमच पाहिला.

मठाच्या चर्चमध्ये शिरताच दोन बाजूंना दोन समाध्या दिसतात. एक वास्को द गामाची, दुसरी कवी कामॉइश याची. दर्यावर्दी आणि त्याचा महाकवी समोरासमोर. कामॉइश १५५३ मध्ये गोव्याला आला होता. त्याचे 'लुसियादस' हे दहा सर्गांचे महाकाव्य १५७२ मध्ये प्रसिद्ध झाले. गामाच्या सफरीचा तो जयघोष आहे, पण त्या जयघोषातही चौथ्या सर्गाच्या शेवटी एक म्हातारा येतो. जहाजे सुटत असताना तो बेलेमच्या या किनाऱ्यावर उभा राहतो आणि या साऱ्या उद्योगाला, त्यामागच्या लोभाला आणि कीर्तीच्या हव्यासाला शिव्याशाप देतो. कवीने त्याला अडवलेले नाही. जहाजे जातातच, परंतु म्हाताऱ्याचे बोलणेही काव्यात राहते. थोर साहित्यकृतीची खूण कोणती, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा हा म्हातारा आठवावा. जो गौरव गायचा आहे त्याच्याच दारात त्याचा प्रतिवाद उभा करण्याचे धैर्य, ही ती खूण.

याच नदीतून आणखी एक जहाज गेले, त्याची नोंद मात्र लिस्बनच्या पर्यटकाला कोणी सांगत नाही. एप्रिल १५७९ मध्ये एक इंग्रज जेझुइट इथून निघाला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोचला. थॉमस स्टीफन्स त्याचे नाव. आपण त्याला फादर स्टीफन्स म्हणतो. त्याचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. परक्या माणसाने मराठीवर केलेले इतके डोळस प्रेम दुर्मीळ आहे. पण हेही विसरता येत नाही, की तो ओव्या रचत होता तेव्हा गोव्यात धर्मसभेचे न्यायालय १५६० पासून बसलेले होते. आणि त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी, १६८४ मध्ये, लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम तिथल्या व्हाइसरॉयने काढला. एकाच सत्तेच्या सावलीत एकाने आपल्या भाषेला रत्नासारखे जपले आणि दुसऱ्याने तिला हद्दपार करू पाहिले. नदीकाठी उभे राहून यांपैकी कोणाची आठवण काढायची? एकाची काढली तर दुसरा खोटा ठरत नाही.

नदीवरच पुढे शोधांचे स्मारक आहे. जहाजाच्या नाळीसारखा पांढरा, पन्नास मीटरांहून उंच आकार. सर्वांत पुढे राजपुत्र हेन्री आणि त्याच्या मागे खलाशी, नकाशाकार, धर्मोपदेशक, कवी. हे शिल्प जुने वाटते, पण तसे नाही. १९४० च्या प्रदर्शनासाठी ते प्रथम तात्पुरते उभारले आणि हेन्रीच्या पाचशेव्या पुण्यतिथीच्या निमित्ताने १९६० मध्ये पक्के बांधले. म्हणजे ते सालाझारच्या राजवटीचे स्मारक आहे. समोरच्या फरसबंदीवर जगाचा नकाशा आहे, त्यावर जहाजांचे मार्ग आणि सने. ती फरसबंदी तेव्हाच्या दक्षिण आफ्रिकेची, वर्णभेदाच्या राजवटीची, भेट. मुले त्या नकाशावर उड्या मारत होती. एक शाळकरी मुलगा हिंदुस्थानवर पाय ठेवून उभा राहिला आणि त्याच्या आईने फोटो काढला. त्यात वावगे काही नव्हते. पण माझ्या मनात १९६० हा आकडा अडकून राहिला. कारण त्या वर्षी, हे स्मारक पूर्ण होत असताना, मराठीचा एक शिक्षक पोर्तुगीज सत्तेच्या तुरुंगात होता.

मोहन रानडे यांचे नाव आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? ते मूळचे सांगलीचे, मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात गेले ते मराठीचे शिक्षक म्हणून. आझाद गोमंतक दलात सामील झाले, ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले आणि लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात ठेवले गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाले. ज्या भूमीसाठी हा माणूस तुरुंगात गेला ती सुटली, तो मात्र अटलांटिकच्या काठी कोठडीतच राहिला. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी सतत धडपड केली. ती सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये, गोवामुक्तीनंतर सात वर्षांनी. त्यांनी आपली कहाणी 'सतीचे वाण' या पुस्तकात लिहिली. २५ जून २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

काशियसला जायला वेगळी वाट करावी लागत नाही, हेच मला अस्वस्थ करणारे होते. लिस्बनच्या काइस दो सोद्रे स्थानकातून कश्काइश या समुद्रकिनाऱ्याच्या गावी लोकल गाडी जाते. सुमारे चाळीस मिनिटांचा हा प्रवास युरोपातील रम्य रेल्वेप्रवासांपैकी एक मानावा असा आहे. डाव्या खिडकीत आधी नदी, मग समुद्र. मध्येच बेलेम, पुढे पुळणी, जुने छोटे किल्ले, लाटांवर फळ्या घेऊन उतरलेली तरुण मुले. काशियस हे याच मार्गावरचे एक स्थानक. बहुतेक पर्यटक तिथे मान वर करून पाहतही नाहीत.

सकाळी निघताना घरमालकीणबाईंनी विचारले, "आज कुठे?" त्यांना थोडे इंग्रजी येत होते. साठी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. मॅडमनी काशियसचे नाव घेतले. "तिथे कशाला उतरता? पाहण्यासारखे काही नाही. सरळ कश्काइशला जा," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "आमच्याकडचे एक शिक्षक तिथे तुरुंगात होते." त्या टेबल पुसत होत्या, त्या थांबल्या. "कोणत्या साली?" मी सांगितले. मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडचेही पुष्कळ होते." एवढेच बोलून त्या आत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा हातात कागदात गुंडाळलेले दोन पाव होते, वाटेत खायला.

काशियसचा तो तुरुंग समुद्रावर नाही. किनाऱ्यावर दिसतो तो सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या तटरक्षक किल्ल्यांच्या साखळीतला एक लहानसा किल्ला. तुरुंगाचा किल्ला आतल्या बाजूला, उंचवट्यावर आहे. तो आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जाण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही पुळणीवर बसलो. ओहोटी होती. समोर नदीच्या मुखाशी पाण्यातच उभा असलेला गोल दीपगृहाचा किल्ला धूसर दिसत होता आणि त्याच्या पलीकडे मालवाहू जहाजे संथपणे समुद्रात शिरत होती. दृश्य सुंदर होते. मी मनाशी म्हणत होते, ते सुंदर नसते तर बरे झाले असते. मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, वाऱ्याला खारा वास आहे. तेवढा तरी वरपर्यंत जात असेल ना?" इतिहासाच्या प्राध्यापिकेने साधनांशिवाय केलेले ते एकमेव विधान असावे. मी त्यावर काही बोलले नाही.

घरमालकीणबाईंचे वाक्य मात्र मनातून जाईना. सालाझारच्या आणि त्याच्यानंतर काएतानोच्या राजवटीत काशियसमध्ये पोर्तुगालचेच कम्युनिस्ट, विद्यार्थी, कामगार डांबलेले होते. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथून टाकली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची लाल फुले खोवली. त्यानंतर २६ आणि २७ एप्रिलच्या रात्री काशियसचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले. म्हणजे रानडे सुटल्यानंतरही पाच वर्षे त्या देशाची स्वतःची माणसे आतच होती. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. ज्या हाताने आपल्याला बांधले होते तो हात त्याच्याच लोकांच्या गळ्यावरही होता, आणि तो सुटला तेव्हा दोघेही सुटले. शाळेत 'पोर्तुगीज' हा एक सलग शब्द म्हणून आपल्या मनात बसतो. या किनाऱ्यावर तो प्रथम दुभंगला: एक राज्य करणारा पोर्तुगीज आणि एक कोठडीतला पोर्तुगीज.

परतताना आम्ही लिस्बनच्या कॅथीड्रलजवळचे अल्जुब संग्रहालय पाहिले. सालाझारच्या गुप्त पोलिसांचे राजकीय कैदी जिथे ठेवले जात, त्या इमारतीत २०१५ पासून हे संग्रहालय आहे. माणसाला धड हातपाय पसरता येऊ नयेत एवढ्या अरुंद कोठड्या तिथे दाखवल्या आहेत. आणि तिथेच मला तो शब्द भेटला, ज्यासाठी बहुधा मी इतक्या दूर आले होते. 'अल्जुब' हा शब्द पोर्तुगीज नाही. तो अरबी आहे. मूळ अर्थ विहीर, खोल खड्डा. आठव्या शतकाच्या आरंभी मुसलमान सेना इबेरियात आल्या, ११४७ पर्यंत लिस्बन त्यांच्याकडे होते. त्यांनी पोर्तुगीज भाषेला तांदूळ दिला, साखर दिली, तेल दिले, भिंतींवरच्या निळ्या फरशीचे नाव दिले. संत्र्याला पोर्तुगीज भाषा 'लारांजा' म्हणते, तो शब्द तर आपल्याच 'नारंग'चा, इराण आणि अरबस्तान ओलांडून गेलेला. आणि या सगळ्या गोड यादीबरोबर त्यांनी कारागृहाचाही एक शब्द दिला.

मग मराठीने काय केले? आपल्याला 'बंदिशाळा' होती, 'कारागृह' होते. तरीही रोजच्या बोलण्यात रुजला तो 'तुरुंग', आणि तो पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आला. मुळात त्याचा अर्थ लाकडाचा ओंडका. कैद्याचे पाय अडकवण्याचा खोडा. लिलाव तिथलाच, काडतूसही तिथलेच. फळ्यावरच्या यादीत हे शब्द शेवटी येतात, कधी तासाची घंटा झाल्यामुळे राहूनही जातात. पण भाषेने त्यांना शेवटी ठेवलेले नाही. तिने पाव आणि तुरुंग एकाच शतकांत, एकाच हातांतून घेतले आणि दोन्ही जपून ठेवले. जिंकलेला समाज जेत्याकडून अन्न घेतो तसे बंधनाचे नावही घेतो. अरबांनी पोर्तुगिजांना दिले, पोर्तुगिजांनी आपल्याला. इतिहासकार पक्ष घेतो, स्मारक पक्ष घेते, पर्यटक तर पक्ष घेण्यापुरताही थांबत नाही. शब्द मात्र साक्षीदार होतो आणि काहीही गाळत नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही काबो दा रोकाला गेलो. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे हे सर्वांत पश्चिमेचे टोक. सुमारे एकशे चाळीस मीटर उंचीचा कडा, त्यावर एक दीपगृह, दगडी स्तंभ आणि पुढे अमेरिकेपर्यंत नुसते पाणी. वारा इतका की पदर सांभाळता सांभाळता डोळ्यांत पाणी आले. खाली लाटा कड्यावर फुटत होत्या. फेस वर येऊन विरत होता. कड्यावरच्या जाड पानांच्या रांगत्या वनस्पतीने सगळा उतार हिरवा-तांबूस केला होता. मी खूप वेळ फक्त पाहत राहिले. काशियसच्या पुळणीवर जे सौंदर्य मला अपराधासारखे वाटले होते, ते इथे तसे वाटले नाही. समुद्राने काहीच केले नव्हते. गामाला, स्टीफन्सला आणि रानड्यांना त्याने सारखेच वाहून नेले. आपण सृष्टिसौंदर्य एका प्रकरणात आणि इतिहास दुसऱ्या प्रकरणात लिहितो, तो दोष समुद्राचा नव्हे, आपल्या प्रवासवर्णनाच्या मांडणीचा.

म्हणून पोर्तुगालला जाणाऱ्या मराठी वाचकाला मी एवढेच सुचवीन. बेलेमचे खांब मनसोक्त पाहा, ते खरोखरच अप्रतिम आहेत. कश्काइशच्या गाडीत डाव्या खिडकीशी बसा. पण काशियस आले की एकदा उजवीकडे, चढाकडे मान वळवा. तिथून दिसेल असे काही नाही. गाडी तिथे क्षणभर थांबते, दोन-चार माणसे उतरतात, दारे मिटतात आणि डावीकडे पुन्हा समुद्र सुरू होतो.